अठरा रुपये

एका क्लिकला अठरा रुपये जाऊलेत,
भरमाण्णा म्हणाला, आणि फोन एक येत नाही.
उद्यमबागेत, मागच्या गल्लीत, त्याची शेड.
तांब्याच्या तारेचा, वॉर्निशचा वास.
टेबलावर उघडलेली पाच हॉर्सपॉवरची मोटर,
तिचं काळं पडलेलं पोट.

त्याच्याच फोनवर मी त्याचं पान उघडलं.
चक्र फिरत राहिलं.
सातव्या सेकंदाला गणपती आला,
मग उद्घाटनाची रिबन,
मग अण्णा, फेटा आणि कुठल्याशा सत्काराची शाल,
मग ‘आमच्याविषयी’, मग ‘आमचं ध्येय’,
आणि तळाशी, खाटेखाली सरकवलेल्या चपलेसारखा
फोन नंबर. तोही चित्रात. दाबला तर लागत नाही.

माणसाची मोटर जळलीय, मी म्हटलं,
अंधारात उभा आहे, बोटांना ग्रीस,
बॅटरी सहा टक्के.
त्याला ध्येय कशाला दाखवता?

भरमाण्णा हसला नाही.
अण्णांना काढ म्हणतीस?

मी आदल्या रात्रीची यादी वाचली,
लोकांनी काय लिहून शोधलं त्याची:
मोटर जळाली अर्जंट
पंप वायंडिंग बेळगाव
पंप वायंडिंग बेळगावी
पंप वायंडिंग बेलगाम
एक कन्नडमध्ये, एक इंग्रजी अक्षरांतली मराठी,
आणि एकाने नुसतंच: धूर येतोय काय करू.
रात्री दोन चाळीसला
गावाच्या नावावरून कुणी भांडत नव्हतं.

आमच्याकडे पाटीवरचं अक्षर पट्टीने मोजतात,
कुठलं वर, कुठलं केवढं.
हा मोजणारा निराळा.
विचारलेला शब्द आणि दारावरचा शब्द
ओळखीचे आहेत का, दार लवकर उघडतं का,
आलेला माणूस टेकतो की उंबऱ्यावरूनच वळतो,
एवढं बघतो आणि दहापैकी गुण देतो.
भरमाण्णाला तीन.
तीनवाल्याला तीच जागा महाग पडते.

आठ दिवस बसले, अनगोळच्या खोलीत,
खाली पिठाची गिरणी थरथरत.
रिबन काढली. ध्येय काढलं.
गणपती ठेवला, पण नखाएवढा.
‘त्वरित व दर्जेदार सेवा’ खोडून लिहिलं:
सकाळी आणा, उद्या संध्याकाळी न्या.
तीनला किती, पाचला किती, साडेसातला किती.
शेजारचा बघंल की, भरमाण्णा म्हणाला.
बघू दे.
कन्नड पान गिरणीवाल्या बसम्माला दाखवलं.
हे शाळेतलं कन्नड, ती म्हणाली पिठाचे हात झटकत,
मोटर जळते तेव्हा असं कोण बोलतं?
‘सुट्ट होतु’ लिही.
लिहिलं.
आणि नकाशात बघते तर चंदगड वगळलेलं,
कुणीतरी राज्य निवडून ठेवलं होतं, तालुके नाही.
तिकडच्या मोटरी काय जळत नाहीत?

दीड महिन्यात तीनाचे सात झाले.
भरमाण्णाला सात म्हणजे काय ते ठाऊक नाही.
फोन येऊलेत, एवढंच म्हणतो,
आणि एका कानाला मोबाइल लावून
दुसऱ्या हाताने खाचेत तार बसवतो.

अण्णांना मी शेवटी ठेवलं होतं,
किमतीच्या खाली, पत्त्याच्याही खाली,
शाल कापून, चेहरा तेवढा, अगदी हलका करून,
पान अडणार नाही एवढा.

काल आकडे दाखवत होते त्याला.
हा बघ, नंदगडकडचा कुणीतरी, रात्री सव्वाअकरा,
थेट तळाला गेला,
चार मिनिटं तिथंच थांबला.
फोन नाही केला. वाया गेला हा क्लिक.

भरमाण्णाने चष्मा कपाळावर चढवला,
स्क्रीनकडे नाही, भिंतीवरच्या जुन्या हातमशीनकडे बघितलं.
नंदगडची पोरं होती की दोघं-तिघं, अण्णांच्या हाताखाली.
मग बराच वेळ तार ओढत राहिला.

ते अठरा रुपये, म्हणाला,
जाहिरातीत धरू नको.